काजार दरबारातील चित्र, छायाचित्र आणि स्थापत्य : युरोपीय प्रभावाचा पुनर्विचार

भूमिका

इराणच्या कलेतिहासात काजार घराण्याच्या राजवटीतील कलेला दीर्घकाळ सावत्र वागणूक मिळाली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२५ पर्यंत या घराण्याने राज्य केले. तैमुरी व सफवी काळातील लघुचित्रे आणि इस्फहानच्या मशिदी यांच्या तुलनेत काजारांची भव्य तैलचित्रे, गुलाबी फुलांच्या फरशा आणि घड्याळाचे मनोरे अभ्यासकांना उथळ वाटत आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखनात या काळाचा उल्लेख बहुधा ‘अवनतीचा काळ’ असाच येतो. आरोप दोन होते. एक, काजार कलावंतांनी परंपरा सोडली. आणि दुसरा, त्यांनी युरोपची नक्कल केली व तीही अर्धवट केली. राजा रविवर्म्याच्या चित्रांवरील वाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे दोन्ही शेरे ओळखीचे वाटतील.

हा निर्णय केवळ ग्रंथांतच राहिला असता तर त्याची फेरतपासणी निवांतपणे करता आली असती. तसे झाले नाही. १९२५ नंतर रझा शाह पहलवीच्या राजवटीत तेहरानचे दरवाजे, तटबंदी आणि गुलिस्तान राजवाड्याच्या आवारातील अनेक इमारती पाडण्यात आल्या. त्यामागे रस्तारुंदीकरणाची निकड होती, नव्या घराण्याचे राजकारण होते. परंतु या वास्तू ‘अस्सल इराणी’ नाहीत आणि धड आधुनिकही नाहीत, हा समजही होता. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन संग्रहालयात लैला दीबा यांच्या पुढाकाराने काजार चित्रकलेचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हापासून या काळाकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. मात्र ‘प्रभाव’ या शब्दाचा सैल वापर अजूनही थांबलेला नाही.

प्रभाव म्हणजे कोणी, केव्हा, कशासाठी आणि कोणत्या मार्गाने काय घेतले, हे प्रश्न विचारल्याखेरीज त्या शब्दाला इतिहासात अर्थ नाही. काजार दरबाराच्या संदर्भात हे प्रश्न कालक्रमाने विचारले असता असे दिसते की, युरोपीय तंत्रे व आकार दरबारात आले ते प्रायः दरबाराच्या आधीपासून चालत आलेल्या गरजांसाठी. राजाची प्रतिमा घडविणे, ती दूरवर पोहोचविणे आणि राज्य डोळ्यांखाली ठेवणे या त्या गरजा होत. पुष्कळदा ही उचल प्रत्यक्ष युरोपदर्शनाच्या आधीच झालेली होती.

फिरंगी रीतीची जुनी ओळख

युरोपीय चित्रपद्धतीशी इराणची गाठ काजारांनी घालून दिली, असे मानणे चुकीचे ठरेल. सतराव्या शतकात इस्फहानमध्ये युरोपीय व्यापारी, मिशनरी आणि न्यू जुल्फा या वस्तीतील आर्मेनियन ख्रिस्ती समाज यांच्यामार्फत युरोपीय ताम्रमुद्रिते व तैलचित्रे पोहोचली होती. मुहम्मद झमान आणि अलीकुली जब्बादार या चित्रकारांनी छायाप्रकाश, यथार्थदर्शन आणि क्षितिजापर्यंत विरत जाणारे निसर्गदृश्य यांचा अवलंब केला. या रीतीला फारसीत ‘फरंगी-साझी’ असे नाव पडले. त्यातील ‘फरंगी’ म्हणजे मराठी वाचकाला शिवकाळापासून परिचित असलेला ‘फिरंगी’. शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तयार झालेल्या निझामीच्या ‘खम्सा’च्या विख्यात हस्तलिखितात १६७५-७६ मध्ये मुहम्मद झमानने काही चित्रांची भर घातली. एकाच बांधणीत दोन शतकांच्या दोन दृष्टी शेजारी नांदत आहेत, आणि त्या काळच्या दरबाराला त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही. काजार चित्रकारांच्या हाती जे आले ते असे शंभराहून अधिक वर्षे मुरलेले होते.

फतेह अली शाह : प्रतिमा हेच राज्य

काजार घराण्याचा संस्थापक आगा मुहम्मद खान याने तेहरानला राजधानी केले. त्याचा पुतण्या फतेह अली शाह याने १७९७ ते १८३४ या काळात राज्य केले आणि काजार राजप्रतिमेला खऱ्या अर्थाने आकार दिला. टोळीप्रमुखाच्या कुळातील या राजापुढे वैधतेचा प्रश्न होता. सफवी राजांप्रमाणे त्याच्यामागे पवित्र वंशाची परंपरा नव्हती. ती उणीव त्याने दृश्य वैभवाने भरून काढली. मिर्झा बाबा आणि मिहर अली या दरबारी चित्रकारांनी त्याची मानवी आकाराची अनेक तैलचित्रे केली. कमरेपर्यंत रुळणारी काळीभोर दाढी, बारीक कंबर, कयानी मुकुट, दंडावरील रत्नजडित बाजूबंद आणि प्रेक्षकाला न पाहता त्याच्या पलीकडे रोखलेली नजर, हा साचा वर्षानुवर्षे फारसा बदलला नाही. राजा वृद्ध झाला तरी चित्रातील राजाचे वय वाढले नाही.

या चित्रांत युरोपीय काय आहे? कॅनव्हास, तैलरंग, मानवी आकाराच्या राजचित्राची कल्पना आणि चेहऱ्यावरील हलकी छटा. बाकी सर्व निराळ्या तर्काने चालते. मोती आणि माणके यांना छायाप्रकाश नाही. प्रत्येक रत्न लघुचित्रकाराच्या चिकाटीने मोजून ठेवले आहे. वस्त्रावर घडीची सावली पडू दिली तर नक्षी मोडेल, म्हणून वस्त्र सपाट. युरोपीय राजचित्रात प्रकाश एका बाजूने येतो आणि राजाला क्षणात बांधतो. येथे राजाचे शरीर सर्वत्र सारखेच उजळलेले असते. याला तंत्राचे अज्ञान म्हणणाऱ्यांनी त्याच चित्रकारांच्या चेहरे रंगविण्याच्या पद्धतीकडे पाहावे. छटा कशी द्यावी हे त्यांना ठाऊक होते. कुठे द्यायची नाही, हेही त्यांनी ठरविले होते.

ही चित्रे परराष्ट्रव्यवहाराची साधने होती. फ्रान्सशी मैत्रीची बोलणी सुरू असताना नेपोलियनसाठी पाठविलेले फतेह अली शाहचे एक तैलचित्र आज लूव्रच्या संग्रहात आहे. अन्य चित्रे रशिया व ब्रिटिश सत्तेपर्यंत पोहोचली. ज्या राजाला भेटता येत नाही त्याच्या सान्निध्याची जागा चित्राने घ्यावी, अशी यामागील कल्पना. तीन युरोपीय सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या राज्याला अशा सान्निध्याची गरज होती.

या संदर्भात तेहरानमधील निगारिस्तान राजवाड्याचे भित्तिचित्र विशेष महत्त्वाचे ठरते. अब्दुल्ला खान या चित्रकाराने १८१२-१३ मध्ये ते पूर्ण केले. सिंहासनावर राजा, भोवती राजपुत्र, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दरबारी व परदेशी वकील अशा ११८ मानवी आकाराच्या आकृती त्यात होत्या. ब्रिटनतर्फे आलेले जॉन माल्कम, हार्फर्ड जोन्स व गोर औसली आणि फ्रान्सचा जनरल गार्दान यांना तेथे एकाच दरबारात उभे केलेले होते. प्रत्यक्षात हे लोक निरनिराळ्या वर्षी तेहरानला आले होते आणि त्यांतील काहींची कामगिरी दुसऱ्याची कामगिरी निष्फळ करण्याचीच होती. असा दरबार कधी भरलाच नव्हता. मराठी वाचकाला माल्कम परिचित आहे तो १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा सेनानी आणि १८२७ ते १८३० या काळातील मुंबईचा गव्हर्नर म्हणून. निगारिस्तानच्या भिंतीवर मात्र तो जगाच्या केंद्रासमोर हात बांधून उभा असलेल्या अनेकांपैकी एक होता. आणि ज्या सुमारास हे चित्र पूर्ण होत होते, त्याच सुमारास रशियाशी चाललेले युद्ध इराण हरत होता. ऑक्टोबर १८१३ च्या गुलिस्तान तहाने जॉर्जिया, दागेस्तान आणि कॉकेशसमधील बराच मुलूख गेला. १८२८ च्या तुर्कमानचाय तहाने येरेवान व नखिचेवानही गेले. मूळ भित्तिचित्र राजवाड्याबरोबर नष्ट झाले. त्याच्या लहान प्रतींवरून आज त्याची कल्पना येते.

याच राजाने रय येथील चश्मे-अली आणि फिरोझकोहजवळील खिंड येथे खडकांत स्वतःची उठावशिल्पे कोरविली. त्याच्या एका मुलाने सासानी शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेल्या ताक-ए-बुस्तान येथे आपले शिल्प खोदवून घेतले. सासानी राजांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी ही प्रथा पुन्हा जागी झाली. तेव्हा कॅनव्हास युरोपकडून आणि खडक सासानींकडून घेणारा हा एकच दरबार होता. पहिल्या उचलीला नक्कल आणि दुसऱ्या उचलीला पुनरुज्जीवन म्हणणे हा निव्वळ नावांचा पक्षपात आहे.

पराभवानंतरची शाळा

युवराज अब्बास मिर्झा रशियन आघाडीवर लढत होता, आणि युरोपकडे पाहण्याची त्याची दृष्टी पित्याहून निराळी होती. १८११ मध्ये त्याने इंग्लंडला शिक्षणासाठी दोन तरुण पाठविले. त्यांपैकी एक वैद्यकासाठी गेला; दुसरा, मुहम्मद काझिम, दरबारी चित्रकाराचा मुलगा, चित्रकला शिकण्यासाठी. तोफा आणि औषधे यांच्या जोडीला चित्रकला ही राज्याच्या गरजेची विद्या मानली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे. काझिम १८१३ मध्ये लंडनमध्येच क्षयाने वारला.

त्याचे अपुरे राहिलेले काम एका अर्थी अबुल हसन खान गफ्फारी याने पूर्ण केले. काशानच्या चित्रकार घराण्यातील हा कलावंत मिहर अलीचा शिष्य. १८४० च्या दशकाच्या मध्यात तो इटलीला गेला आणि तेथे राफाएलच्या चित्रांच्या प्रती करून परतला. परतल्यावर त्याने केले ते काम मात्र इटालियन नव्हते. नासिरुद्दीन शाहच्या आज्ञेने ‘हजारो-एक रात्री’च्या फारसी अनुवादाचे सहा खंडांचे सचित्र हस्तलिखित त्याच्या देखरेखीखाली तयार झाले. अनेक चित्रकार, सोनेरी काम करणारे व पुस्तकबांधणी करणारे कारागीर यांचा मोठा ताफा त्यासाठी राबला. छपाई आलेली असताना हाताने लिहिलेला आणि रंगविलेला इतका प्रचंड ग्रंथ पुन्हा इराणात झाला नाही. त्यातील बगदाद वस्तुतः समकालीन तेहरान आहे. घरांची अंगणे, हमामखाने, बाजार, कारकुनांच्या टोप्या या सर्वांत निरीक्षणाची अशी धार आहे की सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ दफ्तरखान्याइतका उपयोगी पडावा.

व्यक्तिचित्रांत गफ्फारीची इटलीतील शिदोरी अधिक स्पष्ट दिसते. त्याच्या जलरंगातील राजपुत्र आणि अंमलदार थकलेले, स्थूल, कावेबाज, कधी दयनीय दिसतात. फतेह अली शाहच्या काळातील चेहरे एकमेकांचे भाऊ वाटत. येथे प्रत्येक माणूस निराळा. साहजिकच ही मोकळीक राजाच्या स्वतःच्या चित्रात मर्यादित राहिली. १८६१ मध्ये त्याला ‘सनीउल्मुल्क’ ही पदवी मिळाली. सरकारी वृत्तपत्राची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि शिळाछापाच्या साहाय्याने मंत्र्यांची व सरदारांची चित्रे वृत्तपत्राच्या पानांवर येऊ लागली. १८६२ मध्ये त्याने चित्रशाळा काढली. तेथे त्याने इटलीत केलेल्या प्रती मांडल्या होत्या. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे रंग घोटण्याची जुनी रीत आणि शाळेत प्रतिकृतीवरून शिकण्याची नवी रीत यांतील हा सांधा आहे.

शिळाछापाचा विषय निघाला असता मुंबईचा उल्लेख अपरिहार्य आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांतून फारसी ग्रंथ मोठ्या प्रमाणावर छापले जात व समुद्रमार्गे इराणात जात. तेहरानच्या वाचकाच्या हातातील पुस्तक पुष्कळदा मुंबईत छापलेले असे. डोंगरीतील १८६० ची इराणी मशीद, जिला लोक मुघल मशीद म्हणतात, शिराझहून आलेल्या एका व्यापाऱ्याने बांधली. तिची घुमटाविना असलेली निळी दर्शनी बाजू आणि अंगणातील हौद या दळणवळणाची आजही दिसणारी खूण आहे.

अक्स

फारसीत छायाचित्राला ‘अक्स’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उलटी बाजू, प्रतिबिंब. नव्या युरोपीय यंत्राला युरोपीय नाव न देता आरशाशी नाते सांगणारा जुना शब्द देण्यात आला. छायाचित्रकार तो ‘अक्कास’, आणि दरबारातील मुख्य छायाचित्रकार ‘अक्कासबाशी’. ‘नक्काशबाशी’ या दरबारी चित्रकाराच्या जुन्या पदाच्या धर्तीवर. त्यातील ‘नक्श’ म्हणजे मराठीतील नक्षी आणि नकाशा यांचे मूळ. नव्या यंत्राला जुन्या दरबारी उतरंडीत जागा कशी मिळाली, हे या एका पदनामावरून ध्यानात येते.

दागेर पद्धतीची यंत्रे इराणात आली ती रशिया आणि ब्रिटनच्या राजसत्तांकडून आलेल्या भेटींच्या रूपाने. फ्रान्समध्ये १८३९ साली हा शोध जाहीर झाला आणि १८४२ च्या अखेरीस तेहरानमध्ये छायाचित्र घेतले गेले. मधले अंतर जेमतेम तीन वर्षांचे. १८४४ मध्ये झ्यूल रिशार या फ्रेंच माणसाने तेरा वर्षांच्या युवराज नासिरुद्दीनचे छायाचित्र चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर घेतले. पुढे १८४८ मध्ये हाच मुलगा गादीवर आला आणि त्याने जवळजवळ अर्धशतक राज्य केले. १८५० च्या दशकाअखेरीस फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर आलेल्या कार्लियान याने ओल्या कलोडियनची काचेवरील पद्धत आणली. शाह स्वतः ती शिकला. राजवाड्यात अक्सखाना निघाला. आगा रझा या तरुण सेवकाला १८६३ मध्ये अक्कासबाशी हे पद मिळाले. मिर्झा तकी खान अमीर कबीर या पंतप्रधानाने योजलेली आणि १८५१ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘दारुल्फुनून’ ही उच्च शिक्षणाची संस्था छायाचित्रणाचेही केंद्र बनली. संस्था उघडली तेव्हा तिचा प्रवर्तक पदच्युत होऊन काशानला हद्दपार झाला होता आणि काही आठवड्यांतच शाहच्या आज्ञेने त्याचा वध झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. हा सुधारणेचा इतिहास सरळ रेषेत जात नाही.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची, म्हणजे दारुल्फुनूनच्या नंतरची. दोन्ही ठिकाणी युरोपीय रेखाटन शिकविले जाई. तथापि एक संस्था परक्या सत्तेच्या छत्राखाली होती आणि दुसरी स्वतंत्र, जरी पिचलेल्या, राज्याने स्वतः उभारलेली. तेहरानमध्ये काय घ्यावे आणि काय नाकारावे हे दरबार ठरवीत होता. वसाहतींच्या अभ्यासातून आलेली ‘प्रभावा’ची चौकट इराणला जशीच्या तशी लावता येत नाही, त्याचे हे कारण होय.

गुलिस्तान राजवाड्याच्या आल्बमखान्यात सुमारे हजार आल्बम आणि चाळीस हजारांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह जमला. त्यांतील पुष्कळ छायाचित्रांखाली शाहच्या हस्ताक्षरातील टिपा आहेत. कोण आहे, कोठे घेतले, कोणी घेतले आणि क्वचित एखादा तिरकस शेरा. जनानखान्यातील स्त्रियांची छायाचित्रे या संग्रहाचा सर्वाधिक चर्चिलेला भाग. परपुरुषाला तेथे प्रवेश नव्हता, म्हणून छायाचित्रकार स्वतः राजाच. पडद्याच्या नियमाने छायाचित्रण थांबविले नाही. त्याने राजालाच छायाचित्रकार बनविले. अनीसुद्दौला या त्याच्या आवडत्या पत्नीची छायाचित्रे, राजमाता, दासी, लहान मुले अशी ही मालिका आहे. फतेह अली शाहच्या चित्रांतील अबाधित राजा येथे नाही. आजारी, कंटाळलेला, आरशात स्वतःलाच टिपणारा माणूस आहे. मात्र ही छायाचित्रे प्रजेसाठी नव्हती. ती आल्बममध्ये बंद राहिली. प्रजेच्या वाट्याला राजाचे पदकांनी मढलेले अधिकृत चित्रच आले. नव्या माध्यमाने राजाला सामान्य केले, असे म्हणण्याची घाई करू नये.

कॅमेऱ्याचा दुसरा उपयोग राज्यकारभाराचा. १८६७ च्या खुरासान यात्रेत आगा रझा बरोबर होता. वाटेतील शहरे, किल्ले, सैन्य यांची नोंद झाली. सुभ्यांतून छायाचित्रे मागविली जात, कैद्यांची छायाचित्रे ठेवली जात. १ मे १८९६ रोजी शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा किरमानी याने शाहवर गोळी झाडली. फाशीपूर्वी साखळदंडात घेतलेली त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. ज्या राजाने हे यंत्र आपल्या नजरेचे साधन म्हणून जोपासले, त्याच्या मारेकऱ्याचा चेहरा इतिहासात त्याच यंत्रामुळे राहिला.

चित्रांतून उभ्या राहिलेल्या इमारती

स्थापत्याबाबत कालक्रमाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. नासिरुद्दीन शाह युरोपला तीनदा गेला : १८७३, १८७८ आणि १८८९. तेहरानमधील युरोपीय वळणाच्या इमारती या प्रवासांचे फलित होत, असे सरसकट सांगितले जाते. परंतु गुलिस्तानमधील ‘शम्सुल्इमारे’ हा जोड मनोऱ्यांचा पाच मजली प्रासाद १८६५ ते १८६७ या काळात बांधला गेला, म्हणजे पहिल्या प्रवासाच्या आधी. शाहने युरोपातील उंच इमारती पाहिल्या होत्या त्या चित्रांत आणि छायाचित्रांत. कच्चा आराखडा दरबारी मंत्री मुअय्यिरुल्ममालिक याचा आणि बांधकाम उस्ताद अली मुहम्मद काशी या परंपरागत वास्तुकाराचे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही वास्तू तेव्हा शहरात सर्वांत उंच होती. ओतीव लोखंडाचे खांब, घड्याळ, खिडक्यांची रांग हे नवे. रंगीत फरशांचा साज, आरसेकाम आणि उंचावरून नगर न्याहाळणाऱ्या राजाची जागा ही जुनी. इस्फहानच्या आली कापूच्या सज्जात सफवी राजे हेच करीत. सपाट चित्रातून आकार घ्यायचा म्हणजे आतील रचना, जिना, भिंतीची जाडी हे सर्व स्वतःच ठरवावे लागते. उस्ताद अली मुहम्मदने ते आपल्या विद्येने ठरविले.

‘तकिया दौलत’ या राजकीय ताझियागृहाची गोष्टही अशीच. हजारोंना सामावणारी ही वर्तुळाकार, अनेकमजली वास्तू मुहर्रममधील करबलाच्या नाट्यप्रयोगांसाठी होती. शाहने लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल पाहिला आणि परतून तसाच सभामंडप बांधविला, ही कथा अनेक पुस्तकांत आढळते. शाह लंडनला गेला १८७३ मध्ये. तकियाचे काम १८६८ च्या सुमारास सुरू झालेले होते, आणि अल्बर्ट हॉलचे उद्‌घाटनच मुळी १८७१ चे. कथा तारखांपुढे टिकत नाही. तरी ती सांगितली जाते, कारण प्रभाव पश्चिमेकडूनच यायचा असे आधी गृहीत धरलेले असते. वर्तुळाच्या मध्यभागी चौथरा आणि भोवती प्रेक्षक, ही रचना ताझियाची स्वतःची आहे. इराणी गावांतील आणि मोहल्ल्यांतील साध्या तकियांत ती आधीपासून होती.

याच वर्षांत तेहरानची तटबंदीही बदलली. सोळाव्या शतकातील शाह तहमास्पचा तट पाडून १८६७ पासून अष्टकोनी नवा तट व खंदक घालण्यात आला, बारा दरवाजांचा. दारुल्फुनूनमधील फ्रेंच अभियंता ब्यूलर याने फ्रेंच तटबंदीच्या नमुन्यावर तो आखला. लष्करी दृष्ट्या तो तेव्हाच कालबाह्य होता. त्याच्या दरवाजांवर मात्र रुस्तुम आणि दैत्य यांची फरशीचित्रे बसविली गेली. फ्रेंच भूमिती आणि शाहनामा यांचे हे सख्य टीकाकारांना हास्यास्पद वाटले. शहरात शिरणाऱ्या उंटवाल्याला ते तसे वाटण्याचे कारण नव्हते.

राजधानीबाहेर, विशेषतः शिराझमध्ये, ही भाषा अधिक मुरलेली दिसते. १८७६ ते १८८८ या काळात बांधलेल्या नसीरुल्मुल्क मशिदीच्या फरशांवर गुलाबी रंगाची लयलूट आहे. गुलाबांच्या गुच्छांमध्ये युरोपीय पोस्टकार्डावर शोभतील अशी लहान निसर्गदृश्ये रंगविली आहेत. मशिदीच्या भिंतीवर तळ्याकाठचे युरोपीय घर! पण त्याच मशिदीच्या हिवाळी दालनातील रंगीत काचांच्या खिडक्या, पिळदार खांब आणि सकाळच्या उन्हाचा खेळ पाहता ही वास्तू कोणाची नक्कल आहे, असा प्रश्न पडत नाही. शिराझमध्येच नारंजिस्तान-ए-कवाम या वाड्याच्या दर्शनी भागी तख्त-ए-जमशीदच्या, म्हणजे पर्सेपोलिसच्या, सैनिकांची उठावशिल्पे आहेत. त्या अवशेषांची छायाचित्रे लुईजी पेश्चे या नेपल्सच्या अधिकाऱ्याने १८५८ च्या सुमारास घेतली होती. इराणच्या प्राचीन भूतकाळाची नवी ओढ निर्माण होण्यात छायाचित्रांचा आणि छापील चित्रांचा वाटा होता. मुंबईच्या पारशी समाजाचे प्रतिनिधी म्हणून १८५४ मध्ये इराणात गेलेले माणेकजी लिमजी हातरिया यांचा त्या वर्तुळाशी जवळचा संबंध होता.

कमालुल्मुल्क आणि नंतर

सनीउल्मुल्कचा पुतण्या मुहम्मद गफ्फारी, पुढे ‘कमालुल्मुल्क’, दारुल्फुनूनमध्ये शिकला. गुलिस्तानच्या आरसेमहालाचे त्याचे चित्र काही वर्षांच्या श्रमानंतर १८९६ च्या सुमारास पूर्ण झाले. हजारो आरशांचे तुकडे, झुंबरे, गालिचा, खिडकीबाहेरची बाग; यथार्थदर्शनाचा प्रत्येक नियम पाळलेला, आणि या सर्व पसाऱ्यात एका बाजूला बसलेला लहानसा राजा. फतेह अली शाह संपूर्ण कॅनव्हास व्यापीत असे. येथे दालनाने राजाला गिळले आहे. चित्रकाराच्या मनात तसे काही नसेलही. पण यथार्थदर्शनाचे गणित राजासाठी अपवाद करीत नाही. जी गोष्ट मिर्झा बाबाने जाणून टाळली होती ती येथे स्वीकारली गेली, आणि तिची किंमत राजप्रतिमेने दिली. मग कमालुल्मुल्क युरोपला गेला, रेम्ब्रांट आणि टिशियन यांच्या प्रती करून परतला आणि १९११ मध्ये त्याने ललित कलांची शाळा स्थापन केली. त्याच्या शिष्यपरंपरेत यथार्थवाद हा एकमेव मार्ग ठरला. सनीउल्मुल्कची निवडीची मोकळीक तेथे आक्रसली. अनुकरणाचा आरोप करायचाच तर तो या टप्प्यावर काहीसा लागू पडतो. आणि नेमक्या याच टप्प्याला पुढील पिढ्यांनी आधुनिक इराणी चित्रकलेचा गौरवशाली आरंभ मानले.

दरबाराबाहेर कॅमेऱ्याने स्वतःची वाट काढली होती. मुझफ्फरुद्दीन शाहचा अक्कासबाशी मिर्झा इब्राहीम खान याने १८ ऑगस्ट १९०० रोजी बेल्जियममधील ओस्टेंड येथे फुलांच्या मिरवणुकीचे चलत्‌चित्रण केले. इराणी माणसाने केलेले ते पहिले ज्ञात चित्रण होय. तेहरानमध्ये आन्तोइन सेवृगिन याच्या छायागृहात राजापासून रस्त्यावरील भिस्त्यापर्यंत सर्वांची छायाचित्रे निघत. १९०६ मध्ये राज्यघटना आली आणि संसदवाद्यांचे गट कॅमेऱ्यासमोर दाटीवाटीने उभे राहू लागले. या चित्रांत मध्यभागी सिंहासन नाही. १९०८ मध्ये मुहम्मद अली शाहच्या सैन्याने संसदेवर तोफा डागल्या तेव्हाच्या धुमाळीत सेवृगिनचे छायागृहही सापडले. सुमारे सात हजार काचपट्ट्यांपैकी जेमतेम दोन हजार वाचल्या. पुढे त्यांवरही रझा शाहच्या काळात जप्ती आली, कारण जुन्या इराणचे ते दर्शन नव्या राजवटीला नको होते. त्यांतील काही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत.

तकिया दौलतची इमारत १९४० च्या दशकात पाडली गेली आणि त्या जागी बँक उभी राहिली. गुलिस्तान राजवाड्याच्या उरलेल्या भागाला २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. प्राचीन इराणी कारागिरी आणि पाश्चात्त्य वास्तुकला यांचा संयोग हेच त्या समावेशाचे कारण म्हणून देण्यात आले. तकियाचा आकार, तिचे मजले, मध्यभागचा चौथरा आणि वरच्या कमानींवर ताणलेले कापड यांची माहिती आता मिळते ती प्रवाशांच्या वर्णनांतून, काही छायाचित्रांतून आणि कमालुल्मुल्कच्या एका तैलचित्रातून.